परक्या आवाजात गायलेलं: मॅकार्थी आणि त्यांचा शेवटचा अल्बम

आजचा विषय म्हणजे १९९० साली निघालेला एक अल्बम. बँडचं नाव मॅकार्थी, आणि अल्बमचं नाव 'बँकिंग, व्हायलन्स अँड द इनर लाइफ टुडे'. मराठीत सांगायचं तर 'बँकव्यवहार, हिंसा आणि आजचं आंतरिक जीवन'. पॉप गाण्यांच्या अल्बमला हे असलं नाव! एखाद्या विद्यापीठातल्या परिसंवादाची पत्रिका वाटावी. आमच्या या व्याख्यानालाही ते खपलं असतं. पण अल्बम लावला की आधी कानावर येतं ते गोड, हलकंफुलकं पॉप. चाल पटकन ओठांवर बसते. शब्दांकडे लक्ष जातं ते नंतर, आणि मग जरा दचकायला होतं. कारण गाणारा ज्या माणसाचं म्हणणं मांडतोय तो माणूस आपल्याला मुळीच पटणारा नाही, आणि आपण तर मघापासून त्याच्याबरोबर गुणगुणतोय.

या दचकण्याबद्दल आज बोलायचं आहे. अल्बमची सगळी ताकद त्यात आहे असं आम्हाला वाटतं. त्याची अडचणही तिथेच आहे, पण ती जरा वेळाने.

आधी मंडळींची ओळख. लंडनच्या पूर्वेला बार्किंग नावाचं गाव आहे. आता ते महानगरातच आलंय. तिथली ही पोरं. माल्कम ईडन गायचा आणि शब्द लिहायचा. टिम गेन गिटारवर, जॉन विल्यमसन बासवर, गॅरी बेकर ड्रमवर. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला त्यांनी सुरुवात केली. १९८६ मध्ये 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकाने 'सी८६' नावाची कॅसेट काढली. नव्या, छोट्या बँडांची बावीस गाणी तिच्यात होती आणि त्यात एक मॅकार्थीचं होतं. पुढे या कॅसेटचं नाव एका अख्ख्या शैलीला चिकटलं: किणकिणणाऱ्या गिटारी, लाजरे गायक, स्वस्तातलं ध्वनिमुद्रण, प्रेमात पडलेली कॉलेजची मुलं. मॅकार्थीची गिटार तशीच किणकिणते, गेन त्यात उस्ताद होता. प्रेमप्रकरणांच्या जागी मात्र शेअर बाजार, गृहमंत्री आणि राजपुत्र. तीन अल्बम निघाले. १९८७ चा 'आय ॲम अ वॉलेट', म्हणजे 'मी एक पाकीट'. १९८९ चा 'द एनरेज्ड विल इनहेरिट द अर्थ'. बायबलमध्ये पृथ्वीचा वारसा नम्र लोकांना मिळणार आहे, इथे तो संतापलेल्यांना दिलाय. आणि १९९० चा हा शेवटचा. मग बँड फुटला.

याच बार्किंगचा दुसरा गायक जास्त प्रसिद्ध आहे, बिली ब्रॅग. तोही डावा. १९८५ मध्ये मजूर पक्षाला तरुण मतदार मिळवून देण्यासाठी 'रेड वेज' नावाची कलावंतांची मोहीम निघाली, त्यात तो पुढे होता. ब्रॅगची रीत सरळ आहे. तो मंचावर उभा राहतो आणि आपलं म्हणणं आपल्या तोंडाने सांगतो. एखाद्या मजुराचा आवाज काढला तरी तो मजूर आपल्याच बाजूचा असतो. गायकाचं मत काय, असा प्रश्न ऐकणाऱ्याला पडतच नाही.

ईडनची रीत बरोबर उलटी. तो विरोधकाच्या तोंडात जाऊन बसतो. शेवटच्या अल्बममधल्या गाण्यांची नुसती शीर्षकं पाहिली तरी हे कळतं. 'आय वर्क्ड मायसेल्फ अप फ्रॉम नथिंग', म्हणजे मी शून्यातून वर आलो. 'नाऊ इज द टाइम फॉर ॲन आयर्न हँड', आता पोलादी हातच हवा. 'राइट टू युअर एमपी टुडे', आजच आपल्या खासदाराला पत्र लिहा. 'द वेल-फेड पॉइंट ऑफ व्ह्यू', पोट भरलेल्यांचा दृष्टिकोन. हे शेवटचं सोडलं तर बाकीची वाक्यं आपण कुठे ना कुठे ऐकलेली आहेत. जेवणाच्या टेबलावर, रेल्वेच्या डब्यात, अग्रलेखात. कुणीतरी हे बोलतं आणि आपण मान हलवतो. शीर्षकातच एक माणूस उभा राहतो, आणि मग तीन मिनिटं तो मन मोकळं करतो.

संस्कृत-मराठी साहित्यशास्त्रात याच्या जवळ जाणारा एक अलंकार आहे, व्याजस्तुती. वरवर स्तुती, आतून निंदा. इथे 'व्याज' म्हणजे निमित्त, बहाणा. पण मराठीत व्याजाचा दुसरा अर्थ काय, ते आपल्याला बँकेचं पासबुक दर महिन्याला सांगतंच. बँकांवरच्या अल्बमला व्याजस्तुती हा शब्द इतका चपखल बसावा ही भाषेचीच गंमत, त्याचं श्रेय बिचाऱ्या ईडनला देता येत नाही. सोंग घेऊन गाण्याची परंपरा तर आपल्याकडे भारुडाइतकी जुनी आहे. फरक एवढाच की भारुडात शेवटी नाथांची नाममुद्रा येते. सोंग उतरतं, अर्थ लागतो, ऐकणारा सुखरूप घरी जातो. मॅकार्थीच्या गाण्यात नाममुद्रा नाही. सोंग घेतलेलं आहे ते शेवटपर्यंत.

थेट नातं सांगायचं तर ते ब्रेख्तशी आहे. गोड चालीवर कडू आशय चढवायचा, आणि ऐकणाऱ्याला तल्लीन न होऊ देता विचारात पाडायचं, हे ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांनी १९२८ मध्ये 'थ्री पेनी ऑपेरा'त करून दाखवलं. ते मराठीत पु. लं.नी 'तीन पैशाचा तमाशा' म्हणून आणलं. पुण्याच्या थिएटर अकादमीने १९७८ मध्ये, जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली. तुमच्यापैकी काहींनी पाहिलंही असेल. दरोडेखोरी आणि प्रतिष्ठित धंदा यांचं त्या नाटकातलं नातं आठवा, आणि मग मॅकार्थीचं 'द ड्रिंकिंग साँग ऑफ द मर्चंट बँकर्स' ऐका. सावकारी बँकवाल्यांचं मद्यगीत. जाता जाता सांगतो, लंडनच्या यमकी बोलीत 'मर्चंट बँकर' ही एक बऱ्यापैकी अश्लील शिवी आहे. शीर्षक वाचून बार्किंगमधला कुणीही हसला असता.

आता प्रश्न असा, की १९९० मध्ये हे सोंग घ्यायची गरज का पडली? सरळ ओरडून का नाही सांगितलं? त्यासाठी जरा त्या दशकात जावं लागेल.

१९८० च्या गृहनिर्माण कायद्याने ब्रिटनमधल्या नगरपालिकांच्या भाडेकरूंना आपलं राहतं घर सवलतीत विकत घ्यायचा हक्क मिळाला. दशकभरात दहा लाखांहून जास्त घरं अशी विकली गेली. बार्किंग आणि शेजारच्या डॅगनमच्या हद्दीत बेकनट्री नावाची वसाहत आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात लंडनच्या कामगारांसाठी बांधलेली, जगातल्या सर्वांत मोठ्या सार्वजनिक घरवसाहतींपैकी एक. म्हणजे हा कायदा या पोरांसाठी वर्तमानपत्रातली बातमी नव्हता. त्यांच्या गल्लीत काल भाडेकरू असलेला शेजारी आज मालक होत होता. १९८६ मध्ये ब्रिटिश गॅस खासगी झाली. तेव्हाच्या जाहिरातीत लोक एकमेकांना सांगत सुटायचे, की शेअर निघालेत, सिदला कळवा. हा सिद म्हणजे कुणीही साधा माणूस. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला लंडनच्या शेअर बाजारावरचे जुने निर्बंध एका फटक्यात उठले; त्या दिवसाला तिकडे 'बिग बँग' म्हणतात. वर्षभरातच, १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये, बाजार कोसळलाही. पण तोवर शेअर हा शब्द सिदच्या घरात शिरला होता.

मार्गारेट थॅचर यांनी १९८१ मध्येच 'संडे टाइम्स'च्या मुलाखतीत हे सांगून टाकलं होतं. अर्थशास्त्र ही नुसती पद्धत आहे, बदलायचं आहे ते माणसाचं हृदय आणि आत्मा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. राजकारणी इतकं खरं क्वचित बोलतात. अल्बमच्या नावात 'आंतरिक जीवन' कशासाठी आलं, त्याचं उत्तर आम्हाला या मुलाखतीत सापडतं. बँक आणि हिंसा हे दोन शब्द डाव्या बँडकडून अपेक्षितच असतात. तिसरा मात्र अनपेक्षित आहे. बँकेची भाषा रस्त्यावर, संसदेत, जाहिरातीत तर आहेच. ती आता आपण स्वतःशी बोलतो त्या बोलण्यातही आली आहे. मी किती कमावलं, मी कुठे पोचलो, जे मागे राहिले त्यांचं त्यांनी पाहावं. हे आपल्याला कुणी बाहेरून सांगत नाही, आपणच मनात म्हणतो. ब्रॅगसारखं समोर उभं राहून ओरडायचं तर समोर कुणीतरी लागतं. विरोधक आपल्याच डोक्यात भाड्याने राहत असेल तर, नाही, त्यानेही आता घर विकत घेतलंय, तर ओरडणार कुणावर? अशा वेळी त्याचा आवाज जसाच्या तसा मोठ्याने लावायचा, म्हणजे तो परका आहे हे निदान ऐकू तरी येतं. ही गाणी गोड का आहेत, तर तो आवाज आपल्याला गोडच वाटत आलाय म्हणून. ईडन कधीही खलनायकी गुरगुराट करत नाही. सभ्य, थोड्या निर्विकार गळ्याने गातो, शेजारच्या घरातल्या सरळ मुलासारखा. त्याने आवाज चढवला असता तर गाणं व्यंगचित्र झालं असतं आणि आपण निर्धास्त झालो असतो.

अल्बममधलं एक शीर्षक आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं: 'टेक द शॉर्टेस्ट वे विथ द मेन ऑफ व्हायलन्स'. हिंसाचारी माणसांचा सोक्षमोक्ष लावायचा सगळ्यात जवळचा मार्ग धरा, असा काहीसा अर्थ. इंग्रजी साहित्य वाचणाऱ्याला इथे लगेच डॅनियल डिफो आठवतो, 'रॉबिन्सन क्रूसो'वाला. १७०२ मध्ये डिफोने निनावी पत्रक काढलं, 'द शॉर्टेस्ट वे विथ द डिसेंटर्स'. डिसेंटर म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरचे प्रॉटेस्टंट. डिफो स्वतः त्यांच्यातलाच. पत्रकात त्याने कट्टर चर्चवाल्याचं सोंग घेतलं आणि या लोकांचं समूळ उच्चाटन करा असा सल्ला दिला. कल्पना अशी, की कट्टरांचं म्हणणं टोकाला नेलं म्हणजे त्याचा भेसूरपणा उघडा पडेल. झालं भलतंच. काही कट्टरांना पत्रक पटलं! ज्यांच्या बाजूने लिहिलं ते डिसेंटर घाबरले. आणि लेखक कोण ते कळल्यावर दोन्हीकडचे संतापले. १७०३ च्या जुलैमध्ये डिफोला लागोपाठ तीन दिवस लंडनच्या चव्हाट्यांवर खोड्यात उभं केलं, आणि तुरुंगवास झाला तो वेगळाच.

ईडनने हे शीर्षक डिफोची ही फजिती ध्यानात ठेवूनच निवडलं असणार, असा आमचा कयास आहे. सोंगाची किंमत काय असते ते त्याला माहीत होतं. शिवाय 'मेन ऑफ व्हायलन्स' हा त्या काळातला सरकारी शब्दप्रयोग. उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र गटांबद्दल मंत्री आणि वृत्तनिवेदक असंच बोलायचे. आणि इथे वास्तवाने ईडनवर कडी केली. १९ ऑक्टोबर १९८८ रोजी गृहमंत्री डग्लस हर्ड यांनी एक बंदी जाहीर केली. शिन फेन आणि इतर काही संघटनांच्या प्रतिनिधींचा आवाज रेडिओ-दूरचित्रवाणीवरून प्रसारित करायचा नाही. चेहरा दाखवायला हरकत नाही, शब्दही सांगायला हरकत नाही, फक्त त्यांचा स्वतःचा आवाज नको. मग वाहिन्यांनी काय करावं? जेरी ॲडम्स पडद्यावर ओठ हलवतायत आणि एक नट त्यांचं बोलणं वाचून दाखवतोय! हे १९९४ पर्यंत चाललं. म्हणजे ज्या देशात सरकारी नियमामुळे राजकारण्याच्या तोंडी नटाचा आवाज येत होता, त्याच देशात एक बँड सत्ताधाऱ्यांचे शब्द आपल्या आवाजात गात होता. कोण कुणाचा आवाज काढतंय याबद्दल ब्रिटन इतका गोंधळलेला कधी नसावा.

दुसरं शीर्षक, 'अँड टुमॉरो द स्टॉक एक्स्चेंज विल बी द ह्यूमन रेस'. हे 'इंटरनॅशनल' या कामगारगीताच्या फ्रेंच ध्रुवपदावरून घेतलंय. तिथे उद्या साऱ्या मानवजातीशी एकरूप होणार आहे ती कामगारांची आंतरराष्ट्रीय संघटना. ईडनने फक्त तिचं नाव खोडून शेअर बाजार घातला. इतकंच. बर्लिनची भिंत नोव्हेंबर १९८९ मध्ये पडली आणि पुढच्या वर्षी हा अल्बम आला. सगळं जग एक होणार हे डाव्यांचं जुनं स्वप्न खरं व्हायला निघालं होतं, पण दुसऱ्याच कुणाच्या नावावर. आम्हाला हे शीर्षक अख्ख्या अल्बममधलं सर्वांत दुःखी वाटतं, आणि सर्वांत विनोदीही. त्याच वर्षीचं त्यांचं सिंगल 'गेट अ नाइफ बिट्वीन युअर टीथ' याच जातीचं. १९१९ च्या फ्रेंच निवडणुकीत बोल्शेविकांची भीती घालायला एक भित्तिपत्रक निघालं होतं. दातांत सुरा धरलेला, केस पिंजारलेला माणूस. ती भीती इथे आज्ञा होऊन येते: धरा दातांत सुरा. तीही नाजूक पॉपच्या चालीत.

आता अडचण.

हे सगळं कळायला काय काय माहीत असावं लागतं बघा. डिफो, 'इंटरनॅशनल', १९१९ चं भित्तिपत्रक, आयर्लंडवरची सरकारी भाषा. ज्याला माहीत आहे त्याला गंमत येते, आणि गंमतीबरोबर एक गुदगुल्या करणारी भावनाही, की आपल्याला कळलं, आपण त्या सिदसारखे नाही. म्हणजे ज्या 'पोट भरलेल्यांच्या दृष्टिकोना'ची टर उडवायची, त्याच दृष्टिकोनाच्या एका सुशिक्षित फांदीवर ऐकणारा जाऊन बसतो. व्यंग्योक्तीचा हा जुना रोग आहे. आणखी एक खुपतं. या अल्बममध्ये मालक, बँकवाले, कठोर शासनाचे भक्त, भले उदारमतवादी असे सगळे बोलतात. उपाशी माणूस स्वतः फारसा बोलत नाही. त्याच्याबद्दल बोललं जातं. ईडन याला उत्तर देऊ शकला असता, की अहो, तसंच तर आहे जगात, त्याचा आवाज तुम्ही ऐकताय कुठे? उत्तर बिनतोड आहे. तरीही सलग ऐकताना मध्येच वाटतं, की एकदा तरी या सोंगांमधून कुणीतरी नुसतं 'मी' म्हणून गावं.

ही अपेक्षा आमचीच होती असं नाही. अल्बमवर एक नवा आवाज आहे, लेतिसिया सादीये या फ्रेंच गायिकेचा. पॅरिसमधल्या मॅकार्थीच्या कार्यक्रमात तिची आणि टिम गेनची ओळख झाली, पुढे ती लंडनला आली आणि या गाण्यांत मागे गायली. १९९० मध्येच गेन आणि सादीये यांनी 'स्टिरिओलॅब' काढला, आणि तिथे सादीये सोंग टाकून देते. १९९४ च्या 'पिंग पाँग' या गाण्यात ती आर्थिक तेजी-मंदी आणि युद्ध यांचं चक्र थंडपणे, जवळजवळ पाठ्यपुस्तकातल्यासारखं समजावून सांगते. चाल मात्र तीच, आईस्क्रीमच्या गाडीसारखी गोड. हे गाणं स्टिरिओलॅबच्या जास्त ऐकल्या गेलेल्या गाण्यांपैकी आहे. मॅकार्थीला तेवढे श्रोते कधी मिळाले नाहीत. उलट 'मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स' या वेल्श बँडने मॅकार्थीची 'चार्ल्स विंडसर' आणि 'वी आर ऑल बूर्झ्वा नाऊ' ही दोन गाणी नव्याने केली, ती मोठ्या गिटारींच्या आवाजात. ऐकायला जोरकस आहेत, पण जोर आला की सोंग विरतं. बँड चिडलाय हे पहिल्याच क्षणी कळतं.

आता करा एवढंच. घरी गेल्यावर 'आय वर्क्ड मायसेल्फ अप फ्रॉम नथिंग' एकदा शब्द न वाचता ऐका, आणि मग शब्द समोर घेऊन ऐका. दुसऱ्यांदा ऐकताना सादीयेचा आवाज कुठे कुठे आहे तेही पाहा. गाण्यातला माणूस स्वतःबद्दल बोलत असताना मागे ती बाई कुणाच्या बाजूने गातेय, त्याच्या की आपल्या, यावर आमच्यातच अजून एकमत नाही.

प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतून कुणीतरी हात वर केला होता मघाशी.